हजेरी लागते, मन लागत नाही

सप्टेंबर संपत आला की आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर डिफॉल्टर लिस्ट लागते. काचेच्या आत कागदांची चळत, रोल नंबरप्रमाणे नावं, नावापुढे हजेरीचे टक्के. ७५ च्या खालचे सगळे त्यात. मुलं बोर्डापाशी घोळका करतात, मोबाइलवर फोटो काढतात, एकमेकांचे टक्के बघून खिदळतात. मग पालकांना बोलावणं, हमीपत्र, 'पुन्हा असे होणार नाही'खाली सही. गेली बावीस वर्षं मी हा सोहळा बघते आहे. त्यातली बरीच वर्षं त्या कागदांवर वर्गशिक्षक म्हणून माझीही सही आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या यादीत एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एक मुलगा होता. ३८ टक्के. मानखुर्दला राहणारा, संध्याकाळी एका गोदामात पार्सलं वेगळी करायच्या कामावर जाणारा. हमीपत्र घेऊन आला तेव्हा उजवा खांदा जरा वाकडा धरला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "थराचं आहे मॅडम, अजून दुखतंय." गोविंदा पथकात तो तिसऱ्या थरावर उभा राहायचा. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला तेव्हापासून गोकुळाष्टमीपर्यंत एकही रात्र चुकवली नव्हती. गोदामातून सुटायचं, वडापाव खायचा आणि मैदानात हजर. मी जरा खवचटपणेच विचारलं, "तिथे हजेरी कोण घेतं रे?" तो गोंधळला. प्रश्नच त्याला कळला नाही. मग म्हणाला, "मी नाही गेलो तर थर लागत नाही ना."

या मुलांबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये एक निदान तयार असतं. यांच्यात आत्मविश्वासच नाही. न्यूनगंड आहे. कशातच रस नाही. औषधही ठरलेलं: सेमिनार. बाहेरून वक्ता येतो, गळ्यात माइक अडकवतो, सगळ्यांना उभं करतो आणि छातीवर हात ठेवून तीनदा म्हणायला लावतो की मी सर्वोत्तम आहे. हॉल दणाणतो. मग क्यूआर कोड, फीडबॅक, ग्रुप फोटो आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला एक कागद. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या लेक्चरला तीच अकरा मुलं.

आम्ही धरलेला क्रम असा: आधी मुलाला स्वतःबद्दल बरं वाटलं पाहिजे, आयुष्याबद्दल समाधान वाटलं पाहिजे, मग तो कॉलेजात रमेल. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. निदान शिकवणाऱ्यांनी आणि कॉलेज चालवणाऱ्यांनी ज्या टोकापासून हात घालायचा ते हे टोक नव्हे. मानखुर्दच्या त्या मुलाला स्वतःची किंमत कुणी सेमिनारमध्ये पटवून दिली नव्हती. पथकात त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचे तरी पाय होते, म्हणून ती त्याला माहीत होती.

आत्मसन्मान, समाधान आणि कॉलेजात रमणं, या तिन्ही गोष्टी मोजायची मानसशास्त्राची साधनं आहेत, आणि ती वाटतात त्यापेक्षा साधी आहेत. मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या मुलांवर काम करून दहा विधानांची आत्मसन्मानाची मोजपट्टी दिली. पाच विधानं स्वतःबद्दल चांगली, पाच वाईट. जगभर आजही तीच वापरतात. आयुष्यातल्या समाधानाची मोजपट्टी एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केली. त्यात पाचच विधानं, प्रत्येकाला एक ते सात गुण, म्हणजे माणूस पाच ते पस्तीसच्या मध्ये कुठेतरी बसतो. तिसरी गोष्ट, कॉलेजात रमणं, हिच्यासाठी शोधनिबंधांत 'विद्यार्थी सहभाग' असा सरकारी वासाचा शब्द असतो. २००४ साली जेनिफर फ्रेड्रिक्स आणि दोन सहकाऱ्यांनी त्याचे तीन पदर मांडले: वागण्यातला, भावनेतला आणि विचारातला. मूल येतं का, त्याला तिथे यावंसं वाटतं का, आणि आल्यावर ते डोकं लावतं का. आपली ७५ टक्क्यांची अट यातल्या पहिल्या पदराचा एक धागा मोजते.

एकदा मी डीनर यांची पाच विधानं मराठीत करून वर्गात दिली होती. अभ्यास म्हणून नव्हे, मोजमाप म्हणजे काय यावर बोलायला. शेवटचं विधान साधारण असं आहे की, आयुष्य पुन्हा जगायला मिळालं तर मी त्यात जवळजवळ काहीच बदलणार नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, खोली बदलली तर चालेल का?" वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न रास्त होता. १६० चौरस फुटांत सहा माणसं राहत असतील, तर 'आयुष्याचं समाधान' हे त्या मुलाच्या मनाचं मोजमाप की खोलीचं?

दुसरी अडचण भाषेची. मराठीत समाधान नुसतं असत नाही, ते मानायचं असतं. मानून घ्यायचं असतं. 'आहे त्यात समाधान मानावं' हे वाक्य ज्या घरात ऐकलं नाही असं मराठी घर मला माहीत नाही. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आत्मसन्मानाचं एक शाळकरी गणित मांडलं होतं: यश भागिले अपेक्षा. उत्तर मोठं करायचे दोन मार्ग. वरचा आकडा वाढवा नाहीतर खालचा कमी करा. आमच्या वर्गांत खालचा आकडा कमी करण्यात मुलं पटाईत आहेत. 'पास झालो तरी बास', 'आपल्याला काय मेरिटला यायचंय', 'डिग्री हातात पडली की सुटलो'. अशा मुलाला प्रश्नावली दिली तर तो समाधानी निघेल, स्वतःबद्दलही त्याचं मत फारसं वाईट निघणार नाही. आणि तो कॉलेजात कुठेही नसेल. म्हणून 'समाधान वाढवा, सहभाग वाढेल' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुठलं समाधान? मिळालेलं की मानून घेतलेलं?

आत्मसन्मान वाढवण्याचा प्रयोग तर एका अख्ख्या राज्याने करून पाहिला. कॅलिफोर्नियात १९८६ साली जॉन व्हॅस्कॉन्सेलोस या आमदाराच्या आग्रहावरून सरकारी कृतिदल नेमलं गेलं. आत्मसन्मान वाढला की शाळेतलं अपयश, व्यसनं, गुन्हे कमी होतील अशी आशा होती. १९९० मध्ये अहवाल आला, आणि शाळाशाळांतून मुलांना 'तू खास आहेस' सांगायची लाट उसळली. पुढे २००३ मध्ये रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन चाळून काढलं. आत्मसन्मान आणि मार्क यांचं नातं होतं, पण बेताचं. आणि जे होतं त्यात चांगला अभ्यास झाल्यामुळे स्वतःबद्दल बरं वाटणं हाच भाग बराचसा होता. आत्मसन्मानाचं घट्ट नातं निघालं ते आनंदाशी.

त्याहून बोलकी गोष्ट २००७ मधली. डॉनेल्सन फोरसाइथ आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या वर्गातल्या, पहिल्या परीक्षेत कमी ग्रेड पडलेल्या मुलांना दर आठवड्याला ईमेलने उजळणीचे प्रश्न पाठवले. त्यातल्या एका गटाला प्रश्नांसोबत स्वतःबद्दल चांगलं वाटेल असे संदेशही होते. अगदी खालच्या ग्रेडची जी मुलं या गटात होती ती शेवटच्या परीक्षेत आणखी खाली घसरली. गोड शब्दांनी त्यांना उठवलं नाही, पांघरूण घातलं. आमच्या हॉलमधला माइकवाला वक्ता दिसला की मला हा प्रयोग आठवतो.

आता दुसरी बाजू. बाउमाइस्टर यांच्यावर हा विषय संपत नाही. उल्रिख ऑर्थ आणि रिचर्ड रॉबिन्स यांनी २०२२ मध्ये दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवलं की आत्मसन्मानाचे फायदे खरे आहेत. नाती, अभ्यास, नोकरी, तब्येत, सगळीकडे थोडे थोडे, पण आहेत. हे मी नाकारत नाही. नाकारणार कशी, मी रोज वर्गात जाते ना. मराठी माध्यमातून आलेली मुलगी एफवायचं पूर्ण वर्ष तोंड उघडत नाही, हे मी दरवर्षी बघते. दादरजवळच्या नायगावहून येणारी एक मुलगी होती. बारावीला उत्तम मार्क, वहीत अक्षर मोत्यासारखं, आणि वर्गात शब्द नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं इंग्रजीत चाले, तर तिथेही फक्त अंगठा. तिला विषय कळत होता. मी मराठीत विचारलं तर कानात सांगितल्यासारखं बरोबर उत्तर द्यायची. तिची अडचण तिच्या आत्मसन्मानात होती की आमच्या वर्गाच्या बोलीत? माणसाला मुकं करणारी जागा आपण तयार करतो आणि मग त्याच्या मुकेपणाला न्यूनगंड म्हणतो.

मला पटणारा धागा स्टॅनफर्डच्या ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांच्या कामात आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांना तासाभराचं एक काम दिलं होतं. वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायचे: सुरुवातीला आम्हालाही इथे परकं वाटायचं, हळूहळू ते गेलं. मग तेच आपल्या शब्दांत, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी लिहायचं. तीन वर्षांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रेडमधली दरी निम्म्यावर आली होती. नीट पाहिलं तर या मुलांना कुणी 'तू थोर आहेस' म्हटलेलं नाही. म्हटलंय ते एवढंच की परकं वाटणं हा तुझा दोष नाही, आणि तुझे शब्द पुढच्याच्या उपयोगी पडणार आहेत. तासाभरात चमत्कार म्हणून ही गोष्ट खूप मिरवली गेली. पण २२ संस्थांत, जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या त्याच प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले तेव्हा त्यातली मेख कळली. जिथे त्या मुलांना आपलंसं वाटायला खरोखर वाव होता तिथेच त्याचा गुण आला. बी चांगलं होतं, पण खडकावर उगवलं नाही.

तर मुंबईत आपल्या कॉलेजांची जमीन कशी आहे?

पहिली टंचाई वेळेची. बदलापूरहून दादरला यायला सव्वा-दीड तास, तेवढाच परत. वसई-विरारच्यांचं तेच. त्यात अर्धवेळ काम, घरी पाणी यायची वेळ, धाकट्या भावाची शाळा. कॉलेजातला वेळ म्हणजे दोन गाड्यांच्या मधला वेळ. सिनियर-ज्युनियर एकाच इमारतीत, दोन-तीन पाळ्यांत. एक लेक्चर संपलं की पुढची बॅच दारात उभी, म्हणजे तास संपल्यावर चार मिनिटं बोलायचीही सोय नाही. बाहेर पॅसेजमध्ये थांबलं तर सिक्युरिटीवाला हटकतो: लेक्चर नाही तर गेटबाहेर. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, मुलं बसतात म्हणून जिन्याखालचा कट्टा फोडून तिथे कुंड्या ठेवल्या. कुंड्यांतली झाडं महिन्याभरात वाळली. कट्टा गेला तो गेला. मुंबईतल्या कॉलेजांनी रंगभूमीला, चळवळींना, वर्तमानपत्रांना जी माणसं दिली ती कुठे तयार झाली, विचारा त्यांनाच. कुणीही वर्ग क्रमांक सांगणार नाही. कॅन्टीनचं टेबल सांगतील, नाहीतर युवा महोत्सवाच्या तालमीची जागा.

बसायला जागा ही गोष्ट क्षुल्लक वाटत असेल तर वरळीच्या अभ्यास गल्लीत एकदा रात्री चक्कर मारावी. बीडीडी चाळींतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली, फुटपाथवर बसून शिकली. घरात जागा नव्हती हे खरंच. पण उजेड तर बाकी रस्त्यांवरही होता. त्या गल्लीत शेजारी दुसरा कुणीतरी वही उघडून बसलेला असायचा, आणि आपण चार दिवस दिसलो नाही तर 'कुठे होतास रे' म्हणणारा असायचा. कुठल्याही विद्यापीठाने ही गल्ली मंजूर केली नव्हती. तिला श्रेयांक नव्हते.

वेळेची अडचण ओळखून कॉलेज बांधायचं ठरवलं तर जमतं, याचा दाखलाही याच शहरात आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. त्याच कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद चालायची. जानेवारी १९५० मध्ये बाबासाहेब स्वतः तिच्यापुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री, आणि समोर दिवसा नोकरी आणि सकाळी कॉलेज करणारी मुलं. त्यांच्यापुढे बोलणं त्याला वेळेचा अपव्यय वाटला नाही. ज्या मुलाला असं मोलाचं समजलं गेलं, त्याच्यासाठी आत्मसन्मानाचा वेगळा सेमिनार लागला नसणार.

आणि आम्ही? आमच्याकडे विद्यार्थी प्रतिनिधी बहुतेक वेळा 'नेमतात'. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद आली, पण आपला माणूस मतं देऊन निवडायची, त्याला जाब विचारायची सवय काही कॉलेजांत रुजली नाही. समाधानाचं मात्र सर्वेक्षण होतं. नॅकच्या २०१७ मध्ये आलेल्या पद्धतीत विद्यार्थ्यांना प्रश्नावली जाऊ लागली. शिक्षक तयारी करून येतात का, अभ्यासक्रम पूर्ण होतो का, वगैरे. कल्पना वाईट नाही. पण मी ज्या ज्या ठिकाणी हे पाहिलं तिथे आदल्या दिवशी वर्गावर जाऊन 'नीट भरा हं' असं सांगितलं गेलं. 'नीट' या शब्दाचा अर्थ मुलांना बरोबर कळतो. ज्याचं मत विचारलं त्यालाच उत्तर आधी सांगायचं, यापेक्षा त्याची किंमत काय हे जास्त स्पष्ट सांगायची पद्धत मला सुचत नाही.

संस्था मुलांना त्यांची किंमत रोज सांगत असते, भाषण न देता. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऑनलाइन पेपरतपासणी घाईने आणली आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. शेवटी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं, ते वर्तमानपत्रांत आलं. ज्यांची बाहेरची ॲडमिशन हुकली, ज्यांची नोकरीची तारीख गेली, त्या मुलांना त्यातून काय कळलं असेल? तुझा पेपर कुठे आहे ते आम्हालाच माहीत नाही. एवढं एक वाक्य माणसाचा पाय कॉलेजातून कायमचा काढून घ्यायला पुरेसं आहे.

शिक्षकांबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, आणि इथे माझ्याच लोकांना बोचेल असं बोलायचं आहे. बहुतेक कॉलेजांत आज बरीच शिकवणी तासिका तत्त्वावर चालते. जितके तास तितके पैसे, सुट्टीत शून्य, पुढच्या वर्षीची खात्री नाही. माझ्या विभागातला एक तरुण सहकारी सकाळी आमच्याकडे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवतो. त्याला मुलांची नावं पाठ नाहीत म्हणून मी एकदा बोलले. तो म्हणाला, "मॅडम, मस्टरवर माझंच नाव वेगळ्या कागदावर असतं." मी गप्प बसले. ज्याला स्वतःला संस्थेने मोजलेलं नाही त्याने १२० मुलांना ओळखावं, ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? पण ज्यांची नोकरी पक्की आहे, पगार वेळेवर होतो, असे आम्ही लोकही नावं पाठ करत नाही. रोल नंबर पुकारतो. माझ्या वर्गात हजेरीला मी पहिली पंधरा वर्षं आकडेच पुकारले.

यावर नेहमीचा आक्षेप: कॉलेज म्हणजे काय मन सांभाळायचं दुकान आहे? शिकवा, परीक्षा घ्या, मोकळे व्हा. वाणिज्य शाखेचे सहकारी तर म्हणतात, अर्धा वर्ग सीएच्या क्लासला आणि आर्टिकलशिपला असतो, त्याला कॉलेजात रमायचंच नाहीये. त्याची गरज फक्त डिग्रीच्या कागदाची. हे बरोबर आहे. सगळ्यांनी सगळीकडे रमलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. ज्या मुलाला ऑडिट फर्ममध्ये फाइल हातात देऊन 'हे सोमवारपर्यंत तू बघ' म्हणतात, त्याला त्याची जागा मिळालेली आहे. तो आमच्याकडे आला नाही तरी त्याचं फार बिघडत नाही. भुलेश्वरला बापाचं दुकान असलेल्या मुलाचंही तसंच. आणि कॉलेजात फार रमलेल्या, दर सेमिस्टरला पहिल्या येणाऱ्या मुलांचंही सगळं आलबेल असतं असं नाही. जेनिफर क्रॉकर यांनी २००१ पासून हे मांडलंय की प्रश्न आत्मसन्मान किती याचा जेवढा, तेवढाच तो कशावर टांगलेला आहे याचा असतो. मार्कांवर टांगलेला असेल तर एका वाईट पेपरने तो खाली येतो. अशा दोन मुलींना मी निकालाच्या दिवशी तासभर धरून बसले आहे.

म्हणून माझी काळजी ना टॉपरची ना दुकानवाल्याची. ज्याला कुठेच जागा नाही, घरी नाही, कामावर तो नुसता हात आहे, आणि कॉलेजात रोल नंबर आहे, त्याची आहे. त्याच्यासाठी कॉलेज ही शेवटची संधी असते, कुणीतरी त्याच्यावर अवलंबून राहण्याची.

जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, हे त्यातलं एक. फार आधी व्हायला हवं होतं. ज्याला खरंच झोप नाही, जगणं नको झालंय, त्याला माझ्यासारखीचे तत्त्वज्ञानाचे डोस नकोत, त्याला तज्ज्ञ माणूस हवा, आणि रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हवा. पण समुपदेशक नेमला म्हणजे मुलं रमतील असं कुणी समजू नये. हजारो मुलांच्या कॉलेजात एक खोली, तीही परीक्षा विभागाच्या शेजारी, जिथे आत जाताना सगळे बघतात. ती खोली बुडणाऱ्यासाठी आहे. बाकीच्यांना पोहायला पाणी लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणात चार भिंतींबाहेरच्या कामाला श्रेयांक दिलेत. एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, तर वर्षाला १२० तासांची अट कधीपासूनची आहे. कागदावर सगळं आहे. पण मुलाला त्यातून काय मिळतं हे ठरतं एका गोष्टीवर: त्या १२० तासांत तो आला नाही तर काही अडतं का? वृक्षारोपणाच्या फोटोला चाळीसऐवजी एकोणचाळीस जण असले तर झाडाला फरक पडत नाही. मुलांना हे कळतं. म्हणून ती सही करून निघून जातात, आणि आम्ही म्हणतो, यांच्यात समाजभान नाही.

मागच्या वर्षी मी टीवायला अर्थशास्त्राचा प्रकल्प जरा वेगळा दिला. दरवर्षी मुलं इंटरनेटवरून वीस पानं उतरवतात, स्पायरल बाइंडिंग करतात, मी लाल शाईने टिक करते. त्याचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. या वेळी म्हटलं, श्रावणापासून दसऱ्यापर्यंत दादरच्या फूलबाजारातले रोजचे भाव आपण लिहायचे. झेंडू, शेवंती, मोगरा, दूर्वांची जुडी. पहाटेचा भाव, कारण तोच खरा. एक मोठा तक्ता, एक ओळ म्हणजे एक दिवस, आणि त्या दिवसावर एकाचं नाव. तो गेला नाही तर ओळ रिकामी. नंतर भरता येत नाही, कालचा बाजार आज भरत नसतो. मराठीत लिहिलं तरी चालेल, कारण बाजार काही इंग्रजीत चालत नाही.

यशोगाथा सांगायचा माझा बेत नाही. तिघांनी घरी बसून भाव ठोकून दिले, ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी मोगऱ्याच्या आकड्यावरून पकडले गेले. दोन मुलींना पहाटे बाहेर पडायची घरून परवानगी नव्हती. हा विचार मी आधी करायला हवा होता आणि केला नाही. मग त्यांनी तक्त्यावरून आलेख काढायचं काम घेतलं. मानखुर्दच्या मुलाची हजेरी त्या वर्षी ५८ टक्के भरली. म्हणजे तो पुन्हा डिफॉल्टर लिस्टमध्ये, आणि माझीही पुन्हा सही. पण सोमवार त्याचा होता आणि त्याचा एकही सोमवार रिकामा नव्हता.

एकच प्रसंग सांगते. ऑगस्टमधला सोमवार, रात्रभर पाऊस. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ग्रुपवर त्याचा मेसेज, मराठीत: 'हार्बर बंद. कुर्ल्याला अडकलोय. दादरजवळ कोण आहे?' मी जागीच होते. म्हटलं, आज सुट्टी द्यावी, एक ओळ रिकामी राहिली तर काय बिघडलं. टाइप करायला घेतलं तोवर नायगावच्या त्या मुलीचं उत्तर आलं. तीन वर्षांत ग्रुपवर तिने अंगठ्याशिवाय काही टाकलेलं मला आठवत नव्हतं.

'मी जाते.'

सहाला दहा कमी असताना पुढचा मेसेज आला, सोबत प्लास्टिकखाली झाकलेल्या टोपल्यांचा हललेला फोटो.

'झेंडू ८०. दूर्वा नाहीत. शेवंतीची गाडी आलीच नाही, भाववाले काका म्हणाले नऊपर्यंत येईल. थांबू का?'